जनुकाचा ठावठिकाणा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या सरांनी मला प्राणिशास्त्र शिकवलं. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला ते लाकडी पेटीतून कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या काढायचे. १८ तास, २४ तास, ३३, ४८, ७२. एकेक पट्टी म्हणजे उबवणीचा एकेक टप्पा. टोकदार पेन्सिलीने आम्ही आकृती काढायची, आणि तिच्याखाली सगळ्यांत आधी एक गोष्ट लिहायची: गर्भ पाठीकडून पाहिला आहे की पोटाकडून. तेवढं लिहिलेलं नसेल तर सर आकृती हातात घेत नसत. सूक्ष्मदर्शकातून पाहताना डाव्याचं उजवं होतं, पट्टी उलटी ठेवली की पुन्हा फिरतं. ज्या आकृतीवर दिशा नाही तिच्यावरून काहीच सांगता येत नाही, हे त्यांनी आमच्या बोटांना शिकवलं.

३३ तासांच्या पट्टीत हृदयाची नळी एका बाजूला फुगलेली दिसते. ती गर्भाची उजवी बाजू. एका दुपारी सरांनी विचारलं, "या वयात गर्भाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मग हृदयाला उजवीकडे वळायला कोण सांगतं?" आम्ही गप्प. सर म्हणाले, "मलाही माहीत नाही, आणि तुमच्या पुस्तकातही नाही." ती १९८०च्या दशकाची अखेर होती. शिक्षकाने वर्गात इतक्या सहजपणे "माहीत नाही" म्हणावं, याचं मला त्या वेळी अप्रूप वाटलं. पुढची अनेक वर्षं मी ज्या कामात घालवली, त्याची सुरुवात त्या दुपारी झाली.

ते काम म्हणजे उंदराच्या वाढत्या गर्भात कोणतं जनुक कुठे आणि केव्हा जागं होतं, याचे नकाशे. आजचा विषय तोच.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा सबंध संच असतो. उंदरात प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांहून थोडी जास्त आहेत. यकृताच्या पेशीत ती सगळी आहेत, डोळ्याच्या पेशीतही आहेत. तरी यकृत यकृत होतं आणि डोळा डोळा, कारण प्रत्येक पेशी त्या संचातली काही पानं उघडते आणि बाकीची मिटलेली ठेवते. पान उघडलं की त्या जनुकाची आरएनएच्या रूपात प्रत निघते. यालाच आपण जनुकाचं प्रकटन म्हणतो. जनुकाची अक्षरं वाचून त्यापासून कोणतं प्रथिन होईल ते कळतं. पण ते जनुक गर्भात कोणत्या कामासाठी आहे, हे अक्षरांवरून क्वचितच कळतं. त्यासाठी जागा पाहावी लागते आणि वेळ पाहावी लागते.

एडिनबरोच्या कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात एक चित्र दिलं होतं. उतारावरून एक चेंडू घरंगळतोय आणि पुढे दऱ्यांना फाटे फुटत जातात. चेंडू म्हणजे पेशी, दऱ्या म्हणजे तिच्यापुढच्या वाटा. हे चित्र पुष्कळांनी पाहिलेलं असतं. त्याचं जोडचित्र मात्र मला जास्त मोलाचं वाटतं. त्यात तोच प्रदेश खालून दाखवला आहे. जमिनीत खुंट्या ठोकल्या आहेत आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्या वरच्या पृष्ठभागाला ओढून धरतात. खुंट्या म्हणजे जनुकं. कोणती दोरी कुठे ओढते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुणे विद्यापीठात गर्भशास्त्राची परंपरा ज्यांनी रुजवली, त्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी १९५०च्या दशकात वॉडिंग्टन यांच्याच संस्थेत कोंबडीच्या गर्भावर प्रयोग केले होते. सरांच्या पिढीला या विषयाची ओढ लागली ती त्या वाटेने. एडिनबरोकडे मी पुन्हा येईन.

कोंबडीचं अंडं फोडून आत डोकावता येतं. उंदराचा गर्भ आईच्या पोटात असतो आणि सगळा खेळ एकोणीस-वीस दिवसांत आटोपतो. मीलनाची खूण सकाळी दिसली की त्या दिवसाची दुपार म्हणजे अर्धा दिवस, असं मोजतात. म्हणून आमच्या बोलण्यात साडेआठ दिवसांचा गर्भ, साडेदहा दिवसांचा गर्भ असेच शब्द येतात. पण एकाच आईच्या पोटातली भावंडंसुद्धा वाढीत अर्ध्या दिवसाने पुढे-मागे असतात. तेव्हा दिवसांवर विसंबून चालत नाही, रूप पाहून टप्पा ठरवावा लागतो. कार्ल थाइलर यांनी १९७२ साली जन्माआधीचे असे २६ टप्पे पक्के केले, आणि आजही गर्भ हातात आला की आधी थाइलरचा टप्पा पाहिला जातो. सहा-सात दिवसांचा उंदराचा गर्भ एखाद्या लांबट पेल्यासारखा असतो, आणि जो थर पुढे पाठ होणार तो पेल्याच्या आतल्या बाजूला असतो. साडेआठ दिवसांच्या सुमारास तो सगळाच्या सगळा कूस बदलतो आणि आपल्या ओळखीच्या मुडपलेल्या रूपात येतो. डावं-उजवं, पाठ-पोट सांभाळणं इथे किती अवघड होत असेल, याची कल्पना यावी.

आता रंगाविषयी. पेशीतला आरएनए डोळ्यांना दिसत नाही. १९६९ साली जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी एक मार्ग दाखवला. ज्या क्रमाचा शोध घ्यायचा त्याला तंतोतंत जुळणारा उलटा क्रम बनवायचा, त्याला खूण बांधायची आणि तो पेशीवर सोडायचा. जोडीदार सापडला की तो जागच्या जागी चिकटून बसतो. पद्धतीचं नाव इन सिटू, म्हणजेच जागच्या जागी. सुरुवातीला खूण किरणोत्सारी असे. नंतर डिजॉक्सिजेनिन आलं. हे द्रव्य फॉक्सग्लोव्हच्या झाडात मिळतं, ज्याच्यापासून हृदयविकारावरचं जुनं औषध बनतं त्याच झाडात. प्राण्यांच्या शरीरात ते मुळीच नसल्यामुळे त्याला ओळखणारं प्रतिपिंड भलत्या ठिकाणी अडकत नाही. प्रतिपिंडाला एक विकर जोडलेलं असतं. त्याला योग्य रसायन दिलं की जिथे आरएनए तिथे जांभळा रंग उमटतो.

हे वर्णन सोपं वाटतं. हाताला ते सोपं नाही. आपल्या बोटांवरच आरएनए कुरतडणारी विकरं असतात, म्हणून हातमोजे क्षणभरही काढायचे नाहीत. दोन-तीन दिवस धुणं, भिजवणं, तापवणं चालतं. शेवटी गर्भ असलेली कुपी चकचकीत फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने उघडून पाहायची. लवकर थांबवलं तर फिकट खुणा हुकतात. उशीर झाला तर सगळा गर्भ जांभळा होतो, आणि मग खरं काय न् डाग काय ते सांगता येत नाही. माझा पहिला गर्भ असा जांभळा झाला. त्याच्यासाठी एका उंदरिणीचा जीव गेला होता. त्या दिवसापासून रंग चढत असताना मी खोली सोडली नाही. या कामातलं प्रत्येक चित्र एका जिवाचं देणं असतं, आणि काळजी घेण्याची जबाबदारी तिथूनच येते.

या पद्धतीने काय कळतं, हे एका जनुकावरून सांगते. सॉनिक हेजहॉग त्याचं नाव. १९९३ साली पृष्ठवंशी प्राण्यांत ते सापडलं. उंदराच्या गर्भात ते पृष्ठरज्जूत दिसतं, मज्जानलिकेच्या तळाशी दिसतं, अन्ननलिकेच्या अस्तरात दिसतं, पुढे मिशांच्या मुळांशी दिसतं. आणि साडेनऊ-दहा दिवसांनंतर पायांचे अंकुर फुटतात तेव्हा प्रत्येक अंकुराच्या मागच्या कडेला, करंगळीच्या बाजूला, त्याचा एक छोटासा ठिपका उमटतो. अंगठ्याच्या बाजूला काही नाही. या ठिपक्यापासून किती दूर आणि किती काळ, यावरून बोटांची संख्या आणि ओळख ठरत जाते. एकच जनुक, पण मज्जानलिकेत त्याचं काम वेगळं आणि पंजात वेगळं. मग "हे जनुक काय करतं?" हा प्रश्नच अपुरा ठरतो. "कुठे असताना?" असं विचारावं लागतं.

काही मुलांना अंगठ्याच्या बाजूला सहावं बोट येतं. आपल्याकडे कुणी ते भाग्याचं मानतात, कुणी अपशकुनाचं. सहाव्या बोटाची कारणं अनेक आहेत, पण त्यांपैकी एकाचा शोध याच ठिपक्याने लावला. साशक्वाच नावाच्या उंदरांच्या वाणात जादा बोटं येत. त्यांच्या गर्भात सॉनिक हेजहॉगचा ठिपका मागच्या कडेला होताच, शिवाय पुढच्या कडेलाही एक नको असलेला ठिपका होता. जनुक मात्र अगदी धडधाकट होतं. एडिनबरोतल्या लॉरा लेटिस, रॉबर्ट हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिलं की दोष जनुकापासून तब्बल दहा लाख अक्षरं दूर आहे. तिथे एक छोटा तुकडा आहे आणि तोही दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला. तो तुकडा म्हणजे फक्त हातापायांपुरती कळ. त्यातलं एक अक्षर बदललं की कळ भलत्या जागी लागते. जादा बोटांच्या काही मानवी घराण्यांत याच तुकड्यात बदल सापडले, आणि हेमिंग्वेच्या घरच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या की वेस्टच्या मांजरांतही. मेंदू, पाठ, आतडी सगळं व्यवस्थित, कारण तिथल्या कळा वेगळ्या. आधी ठिपका पाहिला म्हणून कळ शोधण्याची बुद्धी झाली. नुसती जनुकाची अक्षरं वाचत बसलो असतो तर दोष कधीच दिसला नसता.

तर अशी चित्रं १९९०च्या दशकात जगभरच्या प्रयोगशाळांतून निघू लागली. कुणी डोळा पाहत होतं, कुणी मूत्रपिंड. एकाचा काप आडवा, दुसऱ्याचा तिरपा. मेणाच्या ठोकळ्यातून मायक्रोटोमवर कापांची फीत निघताना ऊती आकसते, दुमडते, कुठे ताणली जाते. दोन जनुकं एकाच पेशीसमूहात आहेत की शेजारशेजारी, हे अशा दोन चित्रांवरून कसं ठरवायचं? प्रत्येकाने आपापल्या गावाचा नकाशा काढला होता. कुणाचं प्रमाण कुणाशी जुळत नव्हतं आणि उत्तर दिशा कुणी दाखवलीच नव्हती.

एडिनबरोत मॅथ्यू कॉफमन नावाचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१ साली मार्टिन इव्हान्स यांच्याबरोबर उंदराच्या गर्भातून मूलपेशी काढून त्यांनी त्या वाढवल्या होत्या. त्याच वाटेवरच्या कामासाठी इव्हान्स यांना २००७चं नोबेल मिळालं. माझ्या मते कॉफमन यांचं मोठं काम दुसरंच आहे. वर्षानुवर्षं त्यांनी प्रत्येक टप्प्याचे गर्भ मेणात बसवले, ओळीने कापले, रंगवले आणि प्रत्येक कापातल्या प्रत्येक रचनेला नाव दिलं. १९९२ साली त्याचा ग्रंथ झाला. उंदरावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत त्याच्या प्रतीला बोटांचे डाग पडलेले असत. माझ्या प्रतीचा कणा दोनदा बांधून घ्यावा लागला.

रिचर्ड बाल्डॉक, डंकन डेव्हिडसन, जोनाथन बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काप संगणकात आणले आणि एकावर एक रचून त्यांतून घनाकार गर्भ पुन्हा उभा केला. आता दुसऱ्या कुणाच्याही चित्रातला जांभळा भाग या प्रमाण गर्भावर नेऊन बसवता येऊ लागला. ऊती जिथे ताणली असेल तिथे चित्र संगणकात हलकेच सैल करायचं, आकसली असेल तिथे पसरायचं. मग एका ठिकाणी बोट ठेवून विचारता येई की इथे कोणकोणती जनुकं जागी आहेत. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेने याच सुमारास दुसरी बाजू लावून धरली. प्रसिद्ध झालेला प्रत्येक निबंध वाचून त्यातलं प्रकटन शब्दांत नोंदवायचं, असं ते काम होतं.

शब्दांत नोंदवायचं म्हणजे आधी शब्द ठरवायचे. यात किती बुद्धी लागली, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. हाताचा अंकुर कोणत्या टप्प्यापासून "हात" म्हणायचा? साडेदहा दिवसांचं हृदय आणि साडेचौदा दिवसांचं हृदय हा एकच अवयव की दोन? एकाच पेशीसमूहाला मूत्रपिंडाचे अभ्यासक एक नाव देत, जननेंद्रियांचे अभ्यासक दुसरं. मग प्रत्येक टप्प्यासाठी नावांची वंशावळ बांधली गेली: बाहुली डोळ्याची, डोळा डोक्याचा. कोशकाराला जे कष्ट पडतात तेच हे कष्ट. आणि कोशात नसतो असा एक रकाना इथे होता, "नाही"चा. इथे पाहिलं आणि प्रकटन नव्हतं, हे लिहून ठेवायचं. न पाहिलेलं आणि पाहून न सापडलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा रकाना प्रामाणिकपणे भरणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे, कारण त्याला कधी मथळा मिळत नाही.

पुढचा टप्पा आकाराने मोठा होता. नेपल्सची एक जनुकशास्त्र संस्था आणि युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून ठरवलं की एकच दिवस धरायचा, साडेचौदावा, आणि शक्य तितकी सगळी जनुकं बघायची. या दिवशी बहुतेक अवयव आकाराला आलेले असतात, तरी सबंध गर्भाचा काप एका काचपट्टीवर मावतो. यंत्रांनी काप रंगवले, माणसांनी डोळ्यांनी पाहून नोंदी केल्या. २०११ साली ग्रासियाना दिएझ-रू, आंद्रेआ बल्लाबिओ आणि सहकाऱ्यांनी १८,००० हून अधिक जनुकांचा हा नकाशा प्रसिद्ध केला. त्यातली १,००२ जनुकं केवळ एखाद्याच ऊतीत जागी होती. मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा रात्री उशिरापर्यंत एकामागून एक गर्भ पाहत बसले. एकात फक्त दातांचे कोंब, एकात फक्त बरगड्यांच्या कडा, एकात फक्त जिभेखालची ग्रंथी. तोच गर्भ, आणि दर वेळी त्याचा वेगळाच भाग उजळलेला.

नकाशा हाती आला की सीमा मोडून पाहता येते. याचं एक सुंदर उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे उंदराच्या मेंदूच्या घडणीवर काम करतात. मेंदूच्या बाह्यकाच्या मधल्या काठाशी पेशींची एक अरुंद पट्टी असते, साडीच्या काठासारखी. एलएचएक्स-टू नावाचं जनुक बाह्यकात जागं असतं आणि नेमकं या पट्टीत निजलेलं. टोळे यांच्या गटाने, अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर, असे गर्भ तयार केले की ज्यांच्या बाह्यकात अधूनमधून हे जनुक नसलेल्या पेशींची ठिगळं होती. मधल्या बाजूची ती ठिगळं काठाची पट्टी बनली, आणि प्रत्येक ठिगळाने आपल्या शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस घडवायला लावलं. जिथे एक असतो तिथे अनेक हिप्पोकॅम्पस उभे राहिले. २००८ साली सायन्स या नियतकालिकात हे काम आलं. स्मृतीसाठी लागणारा मेंदूचा भाग कुठे घडेल, हे शेजारची पट्टी ठरवते, आणि पट्टी कुठे असेल हे एका जनुकाच्या नसण्यावर ठरतं. "नाही"च्या रकान्याबद्दल मी जे म्हटलं, ते इथे सजीव होऊन समोर येतं.

गेल्या काही वर्षांत चित्र पार बदललं. गर्भ विरघळवून प्रत्येक पेशी सुटी करतात आणि तिच्यातल्या सगळ्या जनुकांच्या प्रती एकदम वाचतात. २०१९ साली ६१ गर्भांतल्या सुमारे २० लाख पेशी वाचल्या गेल्या. २०२४ साली ८३ गर्भांतली १.२४ कोटी केंद्रकं. पेशींचे असे प्रकार सापडले की ज्यांना नावही नव्हतं. ही झेप थोर आहे, आणि ती माझ्या हयातीत पाहायला मिळाली याचा मला आनंद आहे. पण गर्भ विरघळला की पेशीचा पत्ता जातो. ती डावीकडची होती की उजवीकडची, काठावरची की मधली, हे तिच्यापाशी लिहिलेलं नसतं. ते कळायला त्या पेशीतली दोन-चार जनुकं ओळखीची असावी लागतात, ज्यांचा जांभळा ठिपका कुणीतरी पूर्वी पाहून नोंदवून ठेवला आहे. आता कापावरच, जागच्या जागी, हजारो जनुकं एकदम वाचण्याच्या पद्धती आल्या आहेत, आणि २०२२ साली साडेनऊ ते साडेसोळा दिवसांच्या गर्भांचा तसा नकाशाही निघाला. तरीही त्या नकाशातल्या भागांना नावं द्यायची तर वर सांगितलेली शरीररचनेची शब्दावली हाताशी असावी लागते. कॉफमन २०१३ साली गेले. त्यांचे काप आता कुणालाही संगणकावर पाहता येतात, आणि पेशींचा ठिकाणा लावताना तरुण मुलं अजून ते उघडतात.

सरांच्या प्रश्नाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. १९९५ साली कोंबडीच्या गर्भात दिसलं की हृदय वळण्याच्या आधी नोडल नावाचं जनुक फक्त डाव्या बाजूला जागं होतं. पाठोपाठ उंदरातही तसंच आढळलं. सुमारे आठ दिवसांच्या गर्भात, डाव्या कुशीच्या पातळ थरात, जेमतेम काही तास. तेवढ्या वेळात गर्भ हाती लागला तर जांभळी पट्टी दिसते. थोडा उशीर झाला की काही नाही, दोन्ही बाजू पुन्हा सारख्या. परदेशातल्या प्रयोगशाळेत मीही ते करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला पट्टी उमटली. त्याचा फोटो मी मोठा करून घेतला आणि पुढच्या सुट्टीत गावी आले तेव्हा सरांकडे घेऊन गेले.

सर निवृत्त झाले होते. ओटीवर बसले होते, डोळ्यांना मोतीबिंदूचा त्रास सुरू झाला होता. फोटो त्यांनी उजेडाकडे धरला, लांब नेला, जवळ आणला. त्यात जांभळी पट्टी उजव्या हाताला दिसत होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पोटाकडून पाहिलाय की पाठीकडून?"

मी म्हटलं, "पोटाकडून, सर. म्हणून डावी बाजू उजवीकडे दिसतेय."

"मग लिही ना इथे," असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर मी लिहिलं: उदर बाजू. सरांनी ते वाचलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून फोटो बघायला सुरुवात केली.